वॉट खरे, तार जाड, बॉक्स लहान

गाडीच्या स्टिरिओच्या खोक्यावर '50 वॉट x 4' असं ठळक छापलेलं असतं. हा आकडा तपासायला प्रयोगशाळा लागत नाही, शाळेतलं विजेचं गणित पुरतं. इंजिन चालू असताना गाडीतल्या विजेचा दाब जास्तीत जास्त 14.4 व्होल्टच्या आसपास जातो. स्टिरिओच्या आतली अ‍ॅम्प्लिफायरची चिप याच दाबावर चालते, तो वाढवून घेण्याची सोय तिच्यात नसते. एवढ्या दाबातून चार ओहमच्या स्पीकरला न फाटलेला, स्वच्छ आवाज द्यायचा तर एका चॅनलला 26 वॉटच्या वर जाताच येत नाही. चिपमध्ये होणारी घट धरली तर हाती 18 ते 22 वॉट उरतात. मग 50 आले कुठून? आवाजाची लाट पार चौकोनी होईपर्यंत रेटली, म्हणजे गाणं पुरतं फाटलं, की तेच गणित 52 वॉट दाखवतं. खोक्यावर छापला जातो तो या फाटक्या आवाजाचा आकडा.

ग्राहकाची फसगत इथून सुरू होते आणि डिकीत भल्यामोठ्या लाकडी बॉक्सपाशी जाऊन थांबते. मधल्या प्रवासात कोणी त्याला खरे वॉट सांगत नाही, तारेची जाडी सांगत नाही, फ्यूज कुठे बसवला हे दाखवत नाही. हौसेला नावं ठेवण्याचं काही कारण नाही. गाडीत रोज तास-दोन तास जात असतील तर तिथे चांगलं संगीत ऐकू यावं ही अपेक्षा अगदी रास्त आहे. म्हणूनच ती हौस नीट पुरवली जायला हवी.

मुळातली तक्रारही खरी असते. नवी गाडी आली की काही दिवसांतच जाणवतं, की आवाज मोठा होतो पण भरीव होत नाही. दारातले साडेसहा इंची स्पीकर हलक्या चुंबकाचे, कागदी पडद्याचे असतात आणि पातळ प्लॅस्टिकच्या आवरणामागे बसवलेले असतात. साधारण 60-70 हर्ट्झच्या खाली त्यांचा जोर झपाट्याने ओसरतो. त्यात अनेक गाड्यांचा स्टिरिओ आवाज वाढवत नेला की खालचे स्वर स्वतःहून कापतो, कारण छोटे स्पीकर फाटून वॉरंटीत परत येऊ नयेत. रस्त्यावर टायरची जी घरघर केबिनमध्ये शिरते तीही याच खालच्या पट्टीतली, त्यामुळे उरलासुरला बास तिच्याखाली दबतो. आणि माणसाचा कानही मंद आवाजात खालचे स्वर कमी टिपतो. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्ये हे मोजून दाखवलं. म्हणून ऐकणारा आवाज वाढवतो. वरचे स्वर कानाला टोचू लागतात, बास तरीही येत नाही.

या खालच्या पट्टीत काय काय हरवतं याचा विचार केला पाहिजे. अभंगातल्या पखवाजाची थाप, डग्ग्याचा घुमारा, संबळाची धमक यांचा कणा तिथेच असतो. 2016 च्या 'सैराट'साठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर पाश्चात्त्य वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण केलं. अशा वाद्यवृंदाचा पाया डबल बास धरतो आणि त्याची सर्वांत जाड तार 41 हर्ट्झवर लावलेली असते. दाराच्या स्पीकरमधून तो स्वर जवळपास येतच नाही. कान वरच्या स्वरांवरून त्याचा अंदाज बांधतो, पण तो अंगाला जाणवत नाही. एवढ्या मेहनतीने मुद्रित केलेलं संगीत अर्धंच ऐकायचं आणि त्याचीच सवय करून घ्यायची, हे काही बरोबर नाही.

पूर्वी यावर सोपा उपाय होता. मारुती 800 च्या जमान्यात डॅशबोर्डच्या खाचेत हवा तो स्टिरिओ सरकवायचा आणि मागच्या काचेखाली लंबगोल स्पीकर बसवायचे. मुंबईत ऑपेरा हाउसपासून कुर्ल्याच्या सीएसटी रोडपर्यंत कितीतरी कारागीर हेच करत आले. आता ते तितकं सोपं राहिलं नाही. मधल्या पडद्यात रिव्हर्स कॅमेरा असतो, काही गाड्यांत एसीची बटणंही त्यातच असतात, स्टिअरिंगवरची बटणं त्याच्याशी बोलतात. तो काढला की निम्मी गाडी मुकी होते. त्यामुळे कंपनीचा स्टिरिओ तसाच ठेवायचा आणि त्याच्या पुढे अ‍ॅम्प व सबवूफर, म्हणजे फक्त खालच्या स्वरांसाठीचा स्पीकर (थोडक्यात 'सब'), जोडायचा, हाच व्यवहार्य मार्ग उरतो. सुदैवाने तो चांगलाही आहे.

स्वतंत्र अ‍ॅम्प वेगळं काय करतो, तर बॅटरीतून आलेला दाब तो आपल्या पोटातल्या वीजपुरवठ्यात वाढवून घेतो. स्टिरिओतल्या चिपला जी भिंत आडवी येते ती त्याला येत नाही. कंपनीच्या स्टिरिओला अ‍ॅम्पसाठी वेगळी आरसीए पिन बहुधा नसते, म्हणून सिग्नल थेट स्पीकरच्या तारांवरून घ्यावा लागतो. आजच्या बहुतेक चांगल्या अ‍ॅम्पना तशी सोय असते, तिला हाय-लेव्हल इनपुट म्हणतात. ती नसेल तर मध्ये लाइन आउटपुट कन्व्हर्टर नावाची छोटी डबी लागते. स्टिरिओ चालू झाला की स्पीकरच्या तारांवर सहा-सात व्होल्टचा स्थिर दाब येतो. तो ओळखून अनेक अ‍ॅम्प आपोआप जागे होतात, त्यामुळे चालू-बंदसाठी वेगळी तार ओढावी लागत नाही. गाडीच्या मॉडेलनुसार मिळणारा कपलर वापरला तर कंपनीची एकही तार कापावी लागत नाही आणि उद्या गाडी विकताना सगळं जसंच्या तसं परत करता येतं. तार सोलून, पीळ देऊन, वर टेप गुंडाळणाऱ्या कारागिराला ग्राहकाने तिथेच थांबवलं पाहिजे. असा जोड पुढे तापतो, आणि वॉरंटीच्या वेळी कंपनीच्या हाती नकाराचं कारण देतो.

यानंतर प्रश्न येतो तो किती मोठ्या बॉक्सचा. दुकानात बारा इंची सब समोर ठेवला जातो, त्यावर 'मॅक्स 1500 वॉट' असं चमकतं लेबल असतं. छोट्या गाडीला याची गरज नाही, आणि याला भौतिकशास्त्राचा आधार आहे. 40 हर्ट्झच्या लाटेची लांबी साडेआठ मीटर असते, हॅचबॅकची केबिन जेमतेम अडीच-तीन मीटरची. बंद, लहान जागेत इतकी लांब लाट मावत नाही, मग सबचा पडदा सगळ्या केबिनमधल्या हवेचा दाबच कमी-जास्त करू लागतो. त्यामुळे खालचे स्वर जसजसे उतरतात तसतसे गाडीत आपोआप उचलले जातात. घराच्या दिवाणखान्यात जे काम बारा इंची सबला जड जाईल ते गाडीत आठ इंची सब सहज करतो. वॉटचंही तसंच. वॉट दुप्पट केले तर आवाज तीन डेसिबलनेच वाढतो. कानाला दुप्पट मोठा वाटायचा तर दहापट वॉट लागतात. बासपुरते 150 ते 200 खरे वॉट मिळाले तरी चौघांच्या गाडीला ते पुष्कळ होतात.

सीटखाली बसणारा, आत अ‍ॅम्प असलेला चपटा सब हा म्हणूनच बहुसंख्य गाड्यांसाठी सर्वांत शहाणा पर्याय आहे. डिकी मोकळी राहते, गावी जाताना बॅगा कुठे ठेवायच्या हा वाद उद्भवत नाही, स्टेपनी काढायला बॉक्स उचलावा लागत नाही. 80 हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतो हे कानाला नीट कळत नसल्यामुळे तो सीटखाली आहे हेही जाणवत नाही. एक सावधगिरी मात्र हवी. सीटखाली पिवळ्या रंगाचे कपलर दिसले तर ते एअरबॅग आणि सीटबेल्टच्या यंत्रणेचे असतात. त्यांना हात लावायचा नाही, त्यांच्यावर बॉक्सचा भार येऊ द्यायचा नाही. ज्याला खरोखर मोठा सब हवा त्याने सीलबंद बॉक्स घ्यावा. भोक असलेला पोर्टेड बॉक्स एका पट्टीत जास्त जोर देतो, पण चुकीच्या मापाने बनवला असेल तर सगळी गाणी एकाच सुरात घुमतात.

आता तारांकडे वळू, कारण खरा धोका तिथे आहे आणि पैसेही तिथेच वाचवले जातात. 300 खरे वॉट देणारा आधुनिक क्लास-डी अ‍ॅम्प पूर्ण जोरात 27 अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो. हा प्रवाह बॉनेटखालच्या बॅटरीपासून पाच-एक मीटर मागे न्यायचा असतो. त्यासाठी किमान आठ गेजची, म्हणजे सुमारे साडेआठ चौरस मिलिमीटरची अस्सल तांब्याची तार लागते. चार गेजची, 21 चौरस मिलिमीटरची घेतली तर आणखी चांगलं. गेजचा आकडा लहान तितकी तार जाड. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या बहुतेक संचांमधली तार आतून अ‍ॅल्युमिनियमची असते, वरून तांब्याचा मुलामा असतो. अ‍ॅल्युमिनियमची वीजवाहकता तांब्याच्या साधारण 61 टक्के. अशी तार वापरायचीच असेल तर दोन माप जाड घ्यावी लागते. शिवाय जाड रबरी आवरण चढवून ती दिसायला जाड केलेली असते. टोक सोलून धातूवर नखाने किंवा पात्याने खरवडलं, की आत पांढरं दिसतं की लाल, हे लगेच कळतं. दुकानात ग्राहकाने एवढं तरी करावं.

फ्यूजबाबत तर तडजोड नाहीच. बॅटरीच्या धन टोकापासून 45 सेंटिमीटरच्या आत मुख्य फ्यूज हवा. फ्यूज अ‍ॅम्पला वाचवण्यासाठी आहे असा समज पसरलेला आहे. त्याचं पहिलं काम तार वाचवणं हे आहे. बॅटरीपासून अ‍ॅम्पपर्यंतची तार इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून जाते. त्या छिद्रात रबरी बुश नसेल तर पत्र्याची कड गाडीच्या प्रत्येक धक्क्यासरशी आवरण कुरतडते. एक दिवस उघडी तार पत्र्याला टेकते. छोट्या गाडीची बॅटरीही अशा वेळी काही शे अँपिअर ओतू शकते, तार क्षणात लाल होते आणि भोवतालचं प्लॅस्टिक पेटतं. फ्यूज अ‍ॅम्पजवळ, मागे डिकीत बसवला असेल तर या शॉर्टशी त्याचा संबंधच येत नाही, कारण शॉर्ट त्याच्या आधी झालेला असतो. शिवाय फ्यूजचा आकडा तारेच्या क्षमतेवरून ठरतो. वारंवार उडतो म्हणून 40 अँपिअरच्या जागी 80 चा टाकणं हा उपाय नव्हे, तो आगीला दिलेला परवाना आहे.

ऋण तारेचंही तेच. अ‍ॅम्पची अर्थिंगची तार आखूड, अर्ध्या मीटरच्या आत, धन तारेइतकीच जाड आणि रंग खरवडून उघड्या केलेल्या पत्र्याला नट-बोल्टने घट्ट बसवलेली हवी. ती सैल असली किंवा स्टिरिओ आणि अ‍ॅम्प यांच्या अर्थिंगमध्ये फरक पडला, की अ‍ॅक्सिलरेटर दाबताच स्पीकरमधून शीळ ऐकू येते. नव्या गाड्यांत बॅटरीच्या ऋण टोकावर प्रवाह मोजणारा सेन्सर असतो. त्यावरून अल्टरनेटरने किती चार्ज करायचं हे गाडीचा कॉम्प्युटर ठरवतो. म्हणून अर्थिंगची तार थेट त्या टोकाला जोडू नये, नाहीतर अ‍ॅम्पचा खर्च कॉम्प्युटरच्या हिशेबातून निसटतो. इंजिन बंद ठेवून पार्किंगमध्ये गाणी लावणाऱ्यांसाठीही एक हिशेब आहे. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी साधारण 35 अँपिअर-तासांची असते. दोन तास दहा अँपिअर ओढले तर निम्म्याहून अधिक रिकामी होते, आणि मग धक्का मारायला माणसं शोधावी लागतात.

हे सगळं नीट बसवल्यावरही निम्मं काम उरतं, ते जुळवणीचं. अ‍ॅम्पवरचा 'गेन' हा आवाज वाढवायचा स्क्रू आहे असं समजून तो पूर्ण उघडला जातो. प्रत्यक्षात स्टिरिओतून येणारा सिग्नल आणि अ‍ॅम्पची क्षमता यांचा मेळ घालणं एवढंच त्याचं काम. स्टिरिओ तीन-चतुर्थांश आवाजावर ठेवायचा, गेन हळूहळू वाढवायचा आणि आवाज फाटू लागला की थोडा मागे घ्यायचा. सबला फक्त खालचे स्वर देणारा लो-पास फिल्टर 80 हर्ट्झच्या आसपास ठेवायचा आणि स्टिरिओतला बास एक-दोन पायऱ्या कमी करायचा, म्हणजे दारातल्या स्पीकरवरचा भार उतरतो आणि गाणाऱ्याचा आवाज एकदम मोकळा होतो. सबचा पहिला फायदा खरा इथेच, वरच्या स्वरांत, ऐकू येतो. मग नंबरप्लेट, डिकीचं झाकण, दाराची पॅनेल थरथरतात तिथे फेल्टची पट्टी लावायची. या जुळवणीला तास-दीड तास जातो, त्याचे पैसे कारागिराने मागितले तर ते आनंदाने द्यावेत. लेबलावरच्या वॉटपेक्षा या तासाची किंमत जास्त आहे.

बॉक्स लहान ठेवण्याचं आणखी एक कारण रस्त्यावरच्या इतर माणसांशी जोडलेलं आहे. ध्वनिप्रदूषण नियम 2000 नुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. मोजणी होते ती 'ए' प्रकारच्या तोलाने, आणि हा तोल 50 हर्ट्झच्या आवाजातून जवळपास 30 डेसिबल वजा करतो. म्हणजे खिडक्या थरथरवणारा बास मापकावर बराच सौम्य दिसू शकतो. खालचे स्वर भिंतीही सहज ओलांडतात. त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरच्या आजारी माणसाला गाणं ऐकू येत नाही, फक्त ठोके ऐकू येतात. हा त्रास नियमाच्या आकड्यात नीट उमटत नाही, तेव्हा त्याची जबाबदारी गाडीत बसलेल्याने घ्यायची असते. चांगल्या जुळवणीचा सब मंद आवाजातही गाणं पूर्ण वाटायला लावतो. त्यामुळे कानही वाचतात, कारण रोज 85 डेसिबलच्या वर तासन्‌तास ऐकणं श्रवणशक्तीला हळूहळू पोखरतं.

ग्राहकाने किती सावध राहायचं याला मात्र मर्यादा आहे. अमेरिकेत वॉटच्या फुगवलेल्या दाव्यांना आळा घालायला तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने 1974 मध्येच घरगुती अ‍ॅम्प्लिफायरसाठी नियम केला आणि 2024 मध्ये तो सुधारला. गाड्यांचे अ‍ॅम्प त्यात येत नव्हते, म्हणून 2003 मध्ये तिथल्या उद्योगानेच सीईए-2006 हे मानक आणलं: 14.4 व्होल्ट, चार ओहम, विकृती एक टक्क्याच्या आत, आणि त्यात जितके वॉट निघतील तितकेच छापायचे. मानक ऐच्छिक आहे, तरी त्यामुळे दोन अ‍ॅम्पची खरी तुलना शक्य झाली. भारतात 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना मनाई करतो आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण 2020 पासून अस्तित्वात आहे. शाळेतल्या गणिताने खोटा ठरणारा '50 वॉट x 4' हा दावा या प्राधिकरणाने तपासायला घ्यावा. भारतीय मानक ब्युरोने गाड्यांच्या अ‍ॅम्पसाठी आरएमएस, म्हणजे खरे, वॉट आणि चाचणीच्या अटी छापणं सक्तीचं करावं. तारेच्या संचावर 'तांबे' की 'तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम', आणि किती चौरस मिलिमीटर, हेही छापलं जावं. मुलाम्याची तार अस्सल तांब्याची म्हणून विकणं ही निव्वळ फसवणूक नाही, त्यात आगीचा धोका आहे.

गाडी बनवणाऱ्या कंपन्याही यातून सुटत नाहीत. 1983 च्या कॅडिलॅक सेव्हिलसाठी जनरल मोटर्स आणि बोस यांनी त्या गाडीच्या केबिनचं मोजमाप करून संगीतयंत्रणा रचली, तेव्हापासून केबिनला साजेसा आवाज देणं ही कारखान्याला जमणारी गोष्ट आहे हे सिद्ध झालेलं आहे. आपल्याकडे नामांकित कंपनीचे स्पीकर आणि सब बहुधा सर्वांत वरच्या मॉडेललाच मिळतात. त्यांच्यासाठी सनरूफपासून तापणाऱ्या-थंडावणाऱ्या सीटपर्यंत सगळ्याचे पैसे मोजावे लागतात. मधलं मॉडेल घेणाऱ्यावर ही सक्ती कशासाठी? प्रत्येक मॉडेलच्या स्टिरिओमागे अ‍ॅम्पसाठी एक प्रमाणित कपलर, बॅटरीजवळ फ्यूजसाठी राखीव जागा आणि पत्र्यातून तार नेण्यासाठी रबरी बुश लावलेलं तयार छिद्र द्यावं. कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये सीटखालचा सब अ‍ॅक्सेसरी म्हणून, वॉरंटी कायम ठेवून बसवून मिळावा. इलेक्ट्रिक गाड्यांत तर हे आणखी गरजेचं आहे. त्यांत अल्टरनेटर नसतो, मोठ्या बॅटरीतून 12 व्होल्टची वीज बनवणारा कन्व्हर्टर असतो, आणि त्याच्यावर किती भार टाकता येईल हे कोपऱ्यावरच्या कारागिराला कोणत्याही पुस्तिकेत सापडत नाही. तो आकडा गाडीच्या मालकाच्या पुस्तिकेत छापून द्यायला कोणत्याही कंपनीला काहीच अडचण नसावी.